ज्येष्ठमधाची कांडी

घसा बसला तेव्हापासून गायनमास्तर दिवसभर ज्येष्ठमधाच्या कांड्या चघळत होते. आवाज सुटला, पण पाय सुजले आणि बीपी गोळ्यांना दाद देईना. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बायकोने दवाखान्यात ओढतच नेलं. "मास्तर, गालात काय दडवलंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं. मास्तरांनी ओशाळून कांडी बाहेर काढली. "झाडाचं मूळ ते, बाधणार कसं?" "घशाला गुणकारीच आहे. पण रोज इतकं चघळलं की अंगात पाणी साठतं, बीपी चढतं. आजपासून बंद!" "मग उद्या गाऊ कसा?" मास्तर रडवेले झाले. "जमेल तसं गा. मी येते ऐकायला." दुसऱ्या दिवशी वरच्या सुराला मास्तरांचा आवाज फाटलाच. तोच पहिल्या रांगेतून डॉक्टरबाईंनी बेसूर पण खणखणीत साथ दिली आणि सगळेच गाऊ लागले. मास्तर खळखळून हसले, "बाई, तुमच्या गळ्यावर इलाज आता मी करतो!"