उलटा कॅमेरा

भूपेशच्या जुन्या लॅपटॉपात कॅमेरा मुळातच उलटा बसवलेला होता. आधीची सिस्टीम ते सांभाळून घ्यायची. त्याने नवीन टाकलेलं लिनक्स आहे तसं, उलटंच दाखवायचं. दुपारी नोकरीची व्हिडिओ मुलाखत होती.

शेवटी एक कमांड लागू पडली. पडद्यावर तो सरळ झाला, भिंतही सरळ झाली. मागे फाटलं जाळं सांधत बसलेली त्याची आई, रेवताबाई, तेवढी उलटी लटकत होती.

त्याने वळून पाहिलं. ती जमिनीवर नीट बसली होती.

"काहून पाहून राहिला रे?"

"काही नाही, माय."

त्याने कमांड मागे घेतली. पडद्यावर घर उलटं झालं, तोही झाला. आई मात्र आता सरळ होती.

"आता बराबर दिसते," जाळ्यावरची नजर न काढता ती म्हणाली.

पायांतलं रक्त हळूहळू भूपेशच्या डोक्याकडे उतरू लागलं.