अकरा वाजून दहा मिनिटं

"फोटोत घड्याळाचा टॉवर पूर्ण आला पाहिजे," नंदकुमार म्हणाले. "प्रणवला कळू दे, बाप अजून ओटावापर्यंत गाडी हाणतो."

पार्लमेंटसमोरच्या हिरवळीवर ते छाती काढून उभे राहिले. शुभदाने मोबाईल वर धरला. वारा असा, की हातमोजा काढलेलं बोट लगेच बधिर झालं.

या फोटोवर पैज होती. महिन्यापूर्वी लेकाने फर्मान काढलं होतं, डोळे तपासून घेतल्याशिवाय बाबांनी हायवेवर जायचं नाही. नंदकुमारांनी ताट बाजूला सारलं. डोळ्यांना काय धाड भरलीय? चाळीस वर्षांत एक स्पीडिंग तिकीट नाही. मग ठरलं. ओटावाला जायचं, टॉवरसमोरचा फोटो पाठवायचा, की विषय बंद. शुभदा नवऱ्याच्या बाजूची होती. हट्टी माणूस खचला की नुसता चिडका उरतो, हे तिने सासऱ्यांच्या वेळी पाहिलं होतं.

आणि खरं सांगायचं तर हल्ली त्यांच्याशेजारी बसून जायला तिला आवडू लागलं होतं. पूर्वी ती "सिग्नल लाल झाला हं" म्हणाली, की "मला दिसतंय, तू गप्प बैस" हे ठरलेलं. संसारातली निम्मी भांडणं गाडीतली. पण गेल्या उन्हाळ्यापासून माणूस निवळला. आज मार्कहॅमच्या घरून निघाल्यापासून ती अखंड बोलत होती. उजवीकडून ट्रक येतोय. पुढे लेन बंद आहे. अहो, आपली एक्झिट आली. जरा थांबली, की तेच म्हणायचे, "गप्प का झालीस? बोल ना. बरं वाटतं." किंग्स्टनजवळ तर ती चक्क लाजली. उतारवयात का होईना, तिचं बोलणं कुणाला तरी गोड लागत होतं.

मोबाईलमध्ये तिने टॉवर शोधला. दुरुस्ती चालू होती. पायथ्यापासून टोकापर्यंत परांची बांधलेली आणि तिच्यावर पांढरं कापड. दगड म्हणून दिसत नव्हता. एवढ्या लांब येऊन बिचाऱ्यांच्या नशिबी हे. सांगायला तिने तोंड उघडलं.

"घड्याळ बघ," नंदकुमार त्या कापडाकडे बोट दाखवत म्हणाले. "काटासुद्धा स्पष्ट दिसतोय मला इथून. अकरा दहा."

अकराच्या बातम्या दोघांनी मघाशी गाडीतच ऐकल्या होत्या.

कापड वाऱ्याने फडफडलं. शुभदा बघत राहिली. सकाळपासून तिने सांगितलेले ट्रक तिला एकेक करून आठवू लागले. शेवटचा तर अगदी जवळून गेला होता.

"काढलास का?"

"हसा थोडं," ती म्हणाली. फोटो काढला. पाठवला मात्र नाही. ती त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला. आत त्यांची मूठ होती, किल्लीवर आवळलेली.

"जाताना मी चालवणार."

"तू? हायवेवर? ग्रोसरीच्या पुढे कधी गेली नाहीस."

"आज जाईन."

त्यांनी टॉवरच्या दिशेने एकदा पाहिलं. मग खिशातली मूठ हळूहळू सैल झाली.

"आणि मी काय करू?"

"तुम्ही शेजारी बसून बोला," शुभदा म्हणाली. "बरं वाटतं."