गुडघाभर गाजरगवत

माझ्या वडिलांना, अप्पांना, माती देऊन तिसरा दिवस होता. गावातल्या बायका भेटायला येत होत्या आणि मला काही केल्या रडू येत नव्हतं.

"पोरीचं काळीज दगडाचं हाय," दारातच कुणीतरी कुजबुजलं.

दुपारी अंगणात जाऊन बसले आणि शिंकांवर शिंका सुरू झाल्या. डोळे सुजले, पाणी थांबेना. बायकांना बरं वाटलं. "रडू द्या तिला," म्हणाल्या.

कुंपणापाशी गुडघाभर गाजरगवत पांढरं फुललं होतं. लहानपणी त्यानं मला असाच त्रास व्हायचा. लग्नानंतर मात्र पंचमीला, दिवाळीला आले, तेव्हा एकदाही झाला नाही. वयाबरोबर ॲलर्जी गेली, असं मी धरून चालले होते.

शेजारच्या शिवकांतामावशींना तसं सांगितलं.

"कुटं जाती ती," त्या म्हणाल्या. "येते म्हणून तुझा फोन आला की अप्पा खुरपं घेऊन गल्लीभर हे गवत उपटत फिरायचे. लेकीसाठी म्हातारा गाव भादरतोय, म्हणून आमी हसायचो."



मग कुंपणाकडं बघत म्हणाल्या, "या बारीला तुला फोन आमी केलता."