एका घरची ऑर्डर

भोंग्याने शिवणाच्या खोलीचं दार सकाळपासून तिसऱ्यांदा बडवलं, तेव्हा आजीने त्याला उचलून काखोटीला मारलं. तीन वर्षांचं पोर, पण गळा असा की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावा. म्हणून तर नाव भोंगा.

"मम्मी पाहिजे!"

"मम्मीला शिवणाचं भूत लागलंय. चल, टबात पाणी भरून देते."

आत मशीनचा खडखडाट चालूच राहिला.

शाळांना सुट्टी लागली की शिवणवालीचा हंगाम सुरू, हे आजीला काही नवीन नव्हतं. दरवर्षी गणवेशांचे ढीग पडायचे. पण दरवर्षी सून दुपारी दोन तास मशीन बंद करून पोरांत लोळायची. यंदा दाराला आतून कडी. भोंग्याची सहा वर्षांची बहीण मुंगी चित्रं काढून दाराखालून आत सरकवायची आणि तिथेच फरशीवर वाट बघत झोपून जायची. मग आजी तिला उचलून अंथरुणावर नेऊन निजवायची.

"अगं, एवढी कुणाची ऑर्डर?" आजीने जेवताना सुनेला विचारलं.

"आहे एका घरची."

"घर आहे की पलटण?"

"वाढती मुलं आहेत, आई." सून ताटातच बघत होती. "शाळा उघडायच्या आत संपवायचीय." मग उठता उठता म्हणाली, "आई, हे दहावीत असताना केवढे होते हो उंचीला?"

आजीचा मुलगा जहाजावर स्वयंपाकी. या खेपेला घरून निघून त्याला नऊ महिने झाले होते. त्याचा विषय निघाला की तिची कळी खुलायची.

"ताडमाड! दर दोन महिन्यांनी पॅन्ट आखूड. खालची दुमड उसवून उसवून लांब करायची मी. कापडाला खूण म्हणून राहायची नाही."

"माहितेय. तुमच्यासारखं कुणाला नाही जमत उसवायला," सून म्हणाली आणि परत मशीनवर जाऊन बसली.

आता बाई, नवऱ्याची आठवण येत असेल, असं आजीने धरलं. पण मंगळवार काही तिला पटेना.

दर मंगळवारी सून दोरा आणायला म्हणून सकाळीच बाहेर पडायची, ती थेट संध्याकाळी यायची. एवढ्या उकाड्यात डोक्याला घट्ट रुमाल, अंगात ढगळ गाऊन. हातात दोऱ्याचं एक रीळ नाही. आली की सरळ न्हाणीघरात. नळ सोडलेला असला तरी ओकाऱ्यांचा आवाज काही लपायचा नाही.

आजीने दोन बाळंतपणं काढली होती. तिने बोटांवर महिने मोजले, मुलाला जाऊन नऊ. मग हे पोटातलं कुणाचं?

"मम्मीला काय झालं?" मुंगीने विचारलं.

"ऊन बाधलंय. जा, भावाकडे बघ, माती खातोय तो."

विचारावं तर कसं? तोंडाशी आलेलं ती गिळून टाकायची. शनिवारी मात्र तिने दाराला कान लावलाच. मशीन थांबलं होतं. सून फोनवर हळू आवाजात बोलत होती.

"नाही, घरी कुणालाच नाही सांगितलं... शाळा उघडेपर्यंत थांबू द्या. तेवढंच मागतेय मी... पोरं? पोरं आजीजवळ राहतील."

आजीने दारावरून कान काढला.

ही बया निघाली तर! पोरं टाकून निघाली. आजी स्वतः आईविना वाढलेली. मावशीच्या घरी, मावसबहिणींचे उतरलेले, ढगळ फ्रॉक घालून शाळेत गेलेली. पोरी हसायच्या, तेव्हा ती बाकाखाली घेर मुठीत धरून बसायची. सून नवी नवी घरात आली तेव्हा एकदा आजीने हे तिला सांगितलं होतं. ते ऐकून सून रडली होती. आणि आता तीच आपल्या पोरांवर ही वेळ आणणार? छे! आजीने ठरवलं, हिला अडवायचं. पाया पडावं लागलं तरी चालेल, पण पोरांची आई घरातून जाऊ द्यायची नाही.

मंगळवारी सून बाहेर पडली. आजीने भोंग्याला टबात बसवलं, मुंगीला पहाऱ्यावर ठेवलं आणि चहाच्या डब्यामागची किल्ली काढली. शिवणाच्या खोलीतलं मोठं कपाट सुनेने उन्हाळाभर बंद ठेवलं होतं. बॅग भरून ठेवली असणार. ती बॅगच लपवून टाकायची, म्हणजे बोलणं तरी भाग पडेल.

तिने कपाट उघडलं. बॅग नव्हती.

खालपासून वरपर्यंत नुसते गणवेश. पांढरे शर्ट, निळे स्कर्ट, निळ्या पॅन्ट, इस्त्री करून सुतळीने बांधलेले गठ्ठे. मुंगीने सरकवलेली सगळी चित्रं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. गठ्ठ्यांच्या फटीत दवाखान्याची एक जाड फाइल खोचलेली होती, तिच्यावर नुसत्या मंगळवारच्या तारखा. आजी क्षणभर गोंधळली. प्रत्येक गठ्ठ्याला टाचणीने एक चिठ्ठी लावली होती. गिऱ्हाइकाचं नाव असेल म्हणून तिने चष्मा पुसला आणि वरची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली.

'भोंगा, बालवाडी.'

त्याच्या खालची, 'भोंगा, पहिली.' मग दुसरी. मग तिसरी.

बाहेर भोंगा मम्मीच्या नावाने ओरडायला लागला होता. तिने सगळ्यात खालचा गठ्ठा ओढून काढला. त्यातला स्कर्ट तिच्या स्वतःच्या कमरेला झाला असता, एवढा मोठा होता. चिठ्ठी जरा लांब होती.

'मुंगी, दहावी. खाली चार बोटं दुमड ठेवलीय. बाबांसारखी उंच निघाली तर, आई, तुम्ही उसवून द्या.'