हाजराभाभीचा जीपीएस

"वायर बाहेर लोंबता कामा नये हां ताई. काय घालायचं ते आत घाला," हाजराभाभीने पुन्हा बजावलं.

सुमेधाने मान वर न करताच हो म्हटलं. मारुती मंदिराजवळच्या तिच्या रिपेरिंगच्या दुकानात सकाळपासून दुसरं काही झालंच नव्हतं. टेबलावर एक दणकट लॅपटॉप पोट उघडून पडला होता. भाभीच्या भावाने तो दुबईहून पाठवलेला. तेलकंपनीने वापरून काढून टाकलेला, पण अंगाने असा मजबूत, की वरून पाणी ओतलं तरी ढिम्म. त्यातला मोडेम काढून सुमेधाने त्या जागी काडेपेटीएवढा जीपीएसचा रिसीव्हर बसवला होता. घोडं अडलं होतं ते अँटेनापाशी. अँटेनाला आभाळ लागतं आणि हे झाकण तर सगळं धातूचं! शेवटी झाकणाच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकची एक पट्टी सापडली. तिच्याखाली वडीएवढी अँटेना अशी चपखल बसली, की सुमेधा स्वतःवरच खूश झाली.

"भाभी, बसा की जरा. उभ्या राहिलात म्हणून काम लवकर होणार आहे थोडंच?"

"बसायला घर आहे. मागच्या वर्षी वायरनेच घात केला, म्हणून सांगते."

सुमेधाला ते ठाऊक होतं. सगळ्या मिरकरवाडा बंदराला ठाऊक होतं. भाभीच्या नवऱ्याच्या, नझीरच्या ट्रॉलरवरच्या अँटेनाची वायर वाऱ्याने तोडली, जीपीएस बंद पडला, आभाळ भरलेलं, आणि ट्रॉलर भलतीकडेच भरकटला. आठवडाभर त्याचा पत्ता नव्हता.

"शेजारणी जेवणाचे डबे घेऊन यायला लागल्या," भाभी म्हणाली. "मयताच्या घरी आणतात ना, तसे. मी एकेक डबा परत पाठवला. म्हटलं, आमची चूल पेटते अजून. मग आले एकदाचे. पण नवा जीपीएस घेऊ घेऊ म्हणतात, घेत काय नाय. उद्या निघणार तसेच."

सुमेधाने रबराची कड नीट बसवली, स्क्रू आवळले आणि लॅपटॉप बाहेर नेऊन आवारातल्या दगडी गडग्यावर ठेवला. दोघी पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ काही नाही. भाभी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. आणि नकाशावर एक लाल ठिपका उमटला.

"आला!" सुमेधा ओरडलीच.

भाभीचा चेहरा असा काही फुलला, की बघत राहावं. "या अल्ला! आता बघा मी काय करते. हा ओट्यावर ठेवणार, मसाल्याच्या डब्यांशेजारी. भाकऱ्या भाजता भाजता बघणार, आमचे हे कुठवर गेले ते. पूर्णगडला आहेत की नाट्याला. आणि कोण बया डबा घेऊन आली ना, तिला हा ठिपकाच दाखवीन!"

 लॅपटॉप बोटीवर जायचा आहे, असंच सुमेधा धरून चालली होती. गप्प बसावं, असंही क्षणभर वाटलं तिला. कशाला बिचारीचा आनंद मोडा! पण गप्प बसलं तर उद्या नझीर आंधळाच निघणार आणि त्याचे डोळे इथे ओट्यावर राहणार.

"भाभी, हा ठिपका त्यांचा नाही हो. लॅपटॉप जिथे असेल तिथला आहे. ओट्यावर ठेवलात तर दिवसभर तुमचा ओटाच दाखवील."

"असं कसं? जेटीवर सगळे म्हणतात, जीपीएस लावला की बोट कुठे आहे ते दिसतं."

"दिसतं ना. बोटीवरच्यांना."

भाभीने लॅपटॉपकडे असं पाहिलं, जसा काही त्याने शब्द मोडला होता. "म्हणजे हा नुसता ऐकतो? बोलत नाय?"

"नाही. आभाळातून येतं तेवढं ऐकून घेतो."

"मग आमच्या ह्यांचाच भाऊ म्हणायचा!" असं म्हणून भाभी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. सुमेधाला फार वाईट वाटलं. 

"त्यांच्याबरोबर दिलात तर त्यांना घरची वाट सापडेल," ती म्हणाली. "तुम्हाला मात्र ते परत येईपर्यंत काहीच कळणार नाही."

"मला न कळायची सवय आहे, ताई." भाभीने ओढणीने डोळे पुसले. "त्यांना नव्हती. मागच्या वर्षी परत आले, त्यानंतर कितीतरी दिवस झोपेतून दचकून उठायचे. माझ्या बाजूला, आपल्याच घरात. आणि मला विचारायचे, हाजरा, आपण कुठे आहोत?"

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. 

मग भाभीने लॅपटॉपला हात घातला. झाकण मिटणार, तोच थांबली आणि ठिपक्याकडे बघत राहिली.

"हा त्यांच्याबरोबर जाणार. म्हणजे आता परत मला हा ठिपका दिसेल, तेव्हा ते घरीच असतील?"

"हो भाभी. घरीच."

"मग मला तेवढाच बघायचाय," असं म्हणून भाभीने झाकण मिटलं.