पोटात दुखतं

बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या बायकोला विचारलं, "छातीत गाठ कधीपासून होती?" हिरा खाली बघत म्हणाली, "दोन वर्षं."

त्या दोन वर्षांत पनवेलच्या दवाखान्यात तिच्या शेजारी मीच बसायचो. कुठे दुखतं विचारलं की ती "पोटात" म्हणायची, आणि पोटातल्या जंतूंच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी यायचो.

तिच्या तेराव्याला मेहुणी म्हणाली, "दाजी, डॉक्टर बाप्या मानूस, वर तुमी बाजूला बसलेले. ती छाती कशी म्हनंल?"

मला माझ्या त्या बसण्याची किळस आली. तिथूनच लेकीला मेसेज केला, "मोनाली, आईसारखं तुला नको व्हायला. एकदा पोट तपासून घे."


खरा शब्द लिहायचा अजून राहिला आहे.