नसलेला मनोरा

मनोरा अडला, तर कास्पर आम्ब्युलला गावप्रमुखाची खुर्ची मिळणार होती. आणि मनोऱ्याचे खांब रोवून दिल्याची मजुरी त्याच्या खिशात आधीच पडली होती. विरोध आणि काम, दोन्ही एकाच माणसाकडे. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. गावात सुतार एकच होता, आणि विरोध काय, फावल्या वेळातही करता येतो.

आमच्याकडे गोठा बांधायचा असो की गच्ची, आधी तेवढ्या उंचीचे नुसते खांब जागेवर उभे करून दाखवावे लागतात. लोकांनी येता-जाता बघायचं, हरकत असेल तर लिहून द्यायची. मुदतीच्या आत खांब पडले, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात बोस्नियाकडच्या लोकांची मशीद भरत होती. तिला त्यांना लहानसा मनोरा हवा होता. इकडे मनोऱ्यांवर बंदी आणायला देशभर सह्या फिरत होत्या. या खेपेला हुकलं तर पुन्हा संधी मिळेलच असं नाही, हे मशिदीची अध्यक्ष हस्निया बेगिच ओळखून होती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी फ्योन सुटला. डोंगर उतरून येणारा हा गरम वारा कौलं उडवतो आणि माणसांची डोकी फिरवतो. खांबांना चहूकडून ताणून धरणारा एक दोर तुटला, खांब कलले. हस्निया वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातून एप्रनसकट धावत आली. मशिदीतल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन तिनं दोर धरले. नसलेला मनोरा तिघं मिळून सावरत होते.

कास्पर गाडी लावून बघत राहिला. सोबत खानावळवाला वेंडेलिन होता. विरोधाच्या सभा त्याच्याकडेच भरत, आणि विरोधाला तहान फार लागे. वेंडेलिन म्हणाला, आपण कशाला हात लावायचा, वारा आपलाच मतदार आहे.

हस्नियानं मान वळवली.

"पडू देऊ का, मिस्त्री?" ती म्हणाली. "खांब पाडले कुणी, असं विचारलं, तर मी वाऱ्याचं नाव सांगेन. पण रोवले कुणी, असं विचारलं, तर कुणाचं सांगू?"

वेंडेलिन हसला. कास्पर हसला नाही. त्याच्या बापानं रोवलेला खांब कधी पडला नव्हता, आजोबाचाही नाही. तो तरातरा गेला, एका म्हाताऱ्याच्या हातातला दोर हिसकून घेतला आणि म्हणाला, "दोर असा धरतात होय? सरका."

अंधार पडेपर्यंत त्यानं तो धरला. शिव्या वाऱ्याला दिल्या, तशा मनोऱ्यालाही. मोकळा झालेला म्हातारा कॉफी घेऊन आला, तर त्यालाही बजावलं की माझा विरोध आहे, विसरू नका. म्हाताऱ्यानं विचारलं, साखर किती? एकदा दोर सरकला, तो तळहाताची सालटी घेऊनच. कास्परनं सोडला नाही. मुदत संपली तेव्हा खांब उभे होते.

परवानगी मिळाली. तिच्याविरुद्ध गावानं वरच्या कोर्टात जायचं का, हा प्रश्न गावसभेत आला. जायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करायचे होते.

पहिला हात कास्परचा. ताठ, आणि मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. सगळी सभा त्या हाताकडे बघत राहिली. वेंडेलिनचा हात खांद्यापर्यंत आला, मान खाजवून खाली गेला. आणखी थोडे वर झाले. पुरतील एवढे नाहीत. कास्परनं मागं वळून किती हात वर आहेत ते पाहिलंसुद्धा नाही. हात होता तिथंच ठेवला.

मोजणाऱ्या बाई त्याच्या रांगेपाशी आल्या, तेव्हा मागच्या बाकावरून हस्निया म्हणाली, "त्यांचं मत नीट मोजा हं, बाई. अख्ख्या गावात तेच सगळ्यात महाग पडलंय."